बडोद्यातल्या एका घरानं डीटीएच सोडायचं ठरवलं तेव्हा : छतरी, अ‍ॅप आणि आजींचा रिमोट

पार्श्वभूमी

दांडिया बाजार परिसरातलं तीन मजली जुनं घर, त्यातला मधला मजला. घरात चार माणसं : अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत. आकडे घरातल्या बिलांवरून घेतले आहेत.

टीव्ही दोन. बैठकीत ४३ इंची स्मार्ट टीव्ही, आजींच्या खोलीत ३२ इंची जुना एलसीडी. दोन्हींवर खासगी डीटीएच : एक मुख्य जोडणी आणि तिच्यावर टांगलेली एक उपजोडणी. जीएसटीसह महिन्याचं रिचार्ज ६१२ रुपये, म्हणजे वर्षाला ७,३४४. फायबरचं ब्रॉडबँड आधीपासून होतं, ४९९ अधिक १८ टक्के कर. त्यावर नातवानं घेतलेली दोन अ‍ॅप, जिओहॉटस्टार आणि झी५. २०२५ मधल्या दरानं दोन्हींचे मिळून वर्षाला सुमारे २,१०० रुपये जात होते.

अडचण

वरवर पाहता अडचण बिलाची होती. खरी गोष्ट अशी की हे घर एकाच मालिकेचे दोनदा पैसे भरत होतं. स्टार प्रवाहची मालिका आजी डीटीएचवर सातला पाहायच्या आणि तीच मालिका सूनबाई रात्री दहानंतर जिओहॉटस्टारवर. झी मराठीचंही तसंच.

रिचार्ज बंद करण्याआधी घरानं एक चांगलं काम केलं. आठवडाभर फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि ज्यानं जे पाहिलं त्यानं ते वेळेसकट लिहायचं असं ठरलं. पॅकमध्ये दोनशेच्या वर चॅनेल होते, कागदावर उमटले चौदा. त्यातले पैसे देऊनच मिळणारे आणि रोज लागणारे फक्त चार, चारही आजींचे, संध्याकाळी सात ते दहा. उरलेल्यात बातम्या, सकाळचे अभंग, दुपारचे जुने हिंदी चित्रपट आणि क्रिकेट.

हा कागद पुढे प्रत्येक वळणावर उपयोगी पडला असता. पण छतरीचा उत्साह चढल्यावर तो कुणी पुन्हा वाचला नाही.

तपासलेले पर्याय

पहिला, गच्चीवर साधा अँटेना. नातवाचा मूळ विचार हाच होता. परदेशी व्हिडिओंत यागी अँटेना लावून पन्नास चॅनेल फुकट मिळताना दिसतात. आपल्याकडे तसं नाही. दूरदर्शनची जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणं जवळपास सगळी बंद झाली. २०१६ मध्ये ज्या मोजक्या शहरांत डीव्हीबी-टी२ ही डिजिटल सेवा सुरू झाली त्यांत अहमदाबाद होतं, बडोदा नव्हतं. अहमदाबाद इथून सुमारे शंभर किलोमीटर. मनोरा १५० मीटर उंच आणि आपला अँटेना १२ मीटरवर धरला, तरी ४.१२ × (√१५० + √१२) या सूत्रानं रेडिओ क्षितिज, म्हणजे सिग्नल सरळ पोचू शकेल ते अंतर, जेमतेम ६५ किलोमीटर येतं. आणि एवढं करून हाती लागणार दूरदर्शनचेच चार-पाच चॅनेल. हा पर्याय कागदावरच संपला, ते बरं झालं.

दुसरा, डीडी फ्री डिश. दूरदर्शनची ही मासिक भाडं नसलेली डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज ती ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ वरून येते. सह्याद्री, गिरनार, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स हमखास मिळतात. खासगी चॅनेल ई-लिलावातून जागा घेतात, त्यामुळे ते बदलत राहतात. आजींचे चारही चॅनेल तिथे नव्हते.

क्रिकेटसाठी मात्र फ्री डिशला एक वेगळंच वजन आहे. २००७ च्या कायद्यानुसार भारतीय पुरुष संघाच्या एकदिवसीय आणि टी-२० सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ते दूरदर्शनच्या जमिनीवरील प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डीटीएचवरच दाखवता येईल, खासगी केबल-डीटीएचवर नाही. म्हणून खासगी डीटीएचवर डीडी स्पोर्ट्स असूनही सामन्याच्या वेळी तिथे दुसरंच काही चालू असतं. पुष्कळ लोक याला बॉक्समधला बिघाड समजून तक्रार करतात.

तिसरा पर्याय, सगळं अ‍ॅपवर. प्रसार भारतीचं वेव्ह्ज हे अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, त्यावर दूरदर्शनचे चॅनेल थेट दिसतात. मालिका दोन अ‍ॅपवर होत्याच. ओटीटीसकट येणारे ब्रॉडबँड प्लॅनही पाहिले, पण फायबर बदलायची कुणाची तयारी नव्हती.

चौथा पर्याय सगळ्यात रुक्ष, म्हणून त्याच्याकडे कुणी नीट पाहिलं नाही : आहे तेच डीटीएच छाटणं. नेटवर्क शुल्क, म्हणजे जोडणीचं मूळ भाडं, १३० रुपये. त्याची कमाल मर्यादा ट्राय या दूरसंचार नियामकानं २०२४ मध्ये काढली, पण या घराच्या ऑपरेटरकडे दर तोच होता. आजींचे चार चॅनेल प्रत्येकी १९ रुपये धरून ७६. बुकेत, म्हणजे चॅनेलांच्या एकत्र संचात, घालायच्या चॅनेलची कमाल किंमतच १९ आहे. एकूण २०६, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे महिना २४३ रुपये. दुसऱ्या टीव्हीला ४० टक्के नेटवर्क शुल्क, म्हणजे ५२, आणि तेच चॅनेल पुन्हा धरले तर करासह आणखी १५१. दोन्ही टीव्ही मिळून वर्षाला सुमारे ४,७३०. एक स्क्रूसुद्धा न हलवता अडीच हजारांहून जास्त वाचत होते.

घरानं निवडलं ते दुसऱ्या आणि तिसऱ्याचं मिश्रण : दोन्ही खोल्यांत फ्री डिश, मालिका अ‍ॅपवर, डीटीएच पूर्ण बंद.

काय केलं

काम दिवाळीनंतर काढलं. पाऊस गेलेला आणि उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, अवकाश, त्यामुळे वेळ योग्य होती.

पहिला निर्णय छतरीचा. गच्चीवरची ६० सेंटिमीटरची ऑफसेट छतरी त्यांच्या मालकीची होती. नवी घ्यायचे पैसे वाचवायला तीच वळवायची ठरली. ती ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे होती. बडोद्याहून तो उपग्रह उत्तरेपासून साधारण १५५ अंशांवर आणि क्षितिजापासून ६२ अंश वर दिसतो. जीसॅट-१५ सुमारे १३६ अंशांवर, म्हणजे जवळपास बरोबर आग्नेयेला, आणि ५५ अंश वर. म्हणजे छतरी वीस अंश पूर्वेकडे फिरवायची आणि साडेसहा अंश खाली आणायची. ऑफसेट छतरीत चोवीसएक अंश घडणीतच असतात, त्यामुळे ५५ अंशांकडे पाहणारी छतरी डोळ्यांना तीसएक अंशच मागे कललेली वाटते. छतरी खूप उभी वाटते म्हणून ती आणखी मागे ओढणं ही नेहमीची चूक आहे.

एलएनबीलाही, म्हणजे छतरीसमोरच्या दांडीवर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीलाही, पीळ द्यावा लागतो. छतरीच्या मागे उपग्रहाकडे तोंड करून उभं राहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं सुमारे ४० अंश. जुन्या उपग्रहासाठी तो बावीस-तेवीस होता. फिटरनं छतरी नीट वळवली पण एलएनबी तसाच ठेवला होता. तो फिरवल्यावर क्वालिटी वाढून चित्र स्थिर झालं.

खांब ओळंब्यात आहे का हे आधी पाहायचं. खांब तिरका असेल तर छतरी आडवी फिरवताना उंचीचा कोनही बदलतो आणि दोन्ही आकडे बरोबर ठेवूनही काही सापडत नाही. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी खांबाला चिकटवून धरलं तर दहा-वीस अंशांचा फरक दाखवतं, म्हणून दोन-तीन मीटर मागे उभं राहून दिशा घ्यायची आणि समोरच्या इमारतीवर खूण ठरवायची.

बॉक्स एमपेग-४ या नव्या चित्रपद्धतीचे घेतले. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर निम्मीअर्धी यादी उघडतच नाही. मेनूत एलएनबी ९७५०-१०६००, एलएनबी पॉवर चालू, ट्रान्सपॉन्डर ११०९० व्ही, सिम्बॉल रेट २९५००. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंग्थ’ म्हणजे एलएनबीला वीज पोचते आहे आणि काहीतरी गोंगाट येतो आहे एवढंच. बघायची ती ‘क्वालिटी’. इथे पहिला तासभर स्ट्रेंग्थ ८० च्या वर आणि क्वालिटी शून्य होती. छतरी ९५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे गेली होती. तो फक्त दीड अंश बाजूला आहे आणि ६० सेंटिमीटरच्या छतरीचा झोतच तीनएक अंश रुंद. अशा वेळी छतरी केसाएवढी पश्चिमेकडे सरकवायची, तीन-चार सेकंद थांबायचं, पट्टी पाहायची. बॉक्सला लॉक व्हायला वेळ लागतो. घाईनं फिरवत राहिलं तर बरोबर जागा येऊन निघूनही जाते.

केबल आरजी-६, दोन्ही खोल्यांना मिळून ४५ मीटर. एलएनबीपाशी केबलला खाली झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून कनेक्टरमध्ये उतरत नाही. कनेक्टरवर रबरी टेप.

बैठकीतल्या टीव्हीवर अ‍ॅप होतेच. आजींच्या जुन्या टीव्हीला एक स्ट्रीमिंग स्टिक घेतली. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर टीव्ही चालायचा पण फायबरचा डबा आणि राउटर बंद पडायचे, म्हणून त्यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला.

काय बिघडलं

पहिल्याच संध्याकाळी बैठकीतलं चित्र उत्तम आणि आजींच्या खोलीत ‘नो सिग्नल’. फिटरनं एकाच केबलवर केबल-टीव्हीचा स्प्लिटर लावला होता. त्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ छापलेलं होतं. एलएनबीमधून खाली येणारा सिग्नल ११०९० वजा ९७५०, म्हणजे १३४० मेगाहर्ट्झचा. तो त्यातून धड जाणार नव्हताच. शिवाय प्रत्येक बॉक्स एलएनबीला स्वतः १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, दोन बॉक्स एका तारेवर भांडतात. दोन तोंडांचा एलएनबी आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र केबल, हाच सरळ उपाय. तो केला.

स्टिक दर वीस मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट व्हायची. ती टीव्हीच्या यूएसबीवर लावली होती आणि जुन्या टीव्हीचा यूएसबी अर्ध्या अँपिअरच्या वर देत नाही. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीत लावल्यावर थांबलं. मग वायफाय अडलं : मध्ये दीड फुटी विटांच्या दोन भिंती. राउटर बैठकीच्या कोपऱ्यातून बोळात आणल्यावर चित्र सुरळीत झालं. जुन्या शहरातल्या घरांत जास्त वेगाच्या प्लॅनपेक्षा राउटरची जागा जास्त फरक पाडते.

एवढं सगळं जमल्यावर खरी अडचण समोर आली, आणि ती तंत्राची नव्हती. आजींना मालिका ‘लावायची’ सवय नव्हती. टीव्ही सुरू केला की ती चालू असायची, एक संपली की पुढची यायची, सातपासून दहापर्यंत रिमोटला हात लागत नसे. अ‍ॅपवर प्रत्येक भाग निवडायचा. त्यातही सूनबाई आदल्या रात्री त्याच प्रोफाइलवर अर्धा भाग पाहून झोपलेल्या, त्यामुळे आजींना गोष्ट मधूनच सुरू झालेली दिसायची आणि हा भाग कालचा की आजचा हे कळत नसे. ‘आजी’ नावाचं वेगळं प्रोफाइल केल्यावर हे सुटलं. पण प्लॅन दोन पडद्यांचा होता. बैठकीत एक, नातवाच्या मोबाइलवर दुसरा, की तिसरा पडदा आजींचा, आणि त्यावर सूचना यायची. एकदा अ‍ॅपनं लॉगआउट केलं आणि ओटीपी गेला मकरपुऱ्याच्या कारखान्यात असलेल्या मुलाच्या फोनवर. ती संध्याकाळ आजींनी सह्याद्री पाहत काढली. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सातला शेजारी गेल्या.

डीटीएचची छतरी वळवून टाकल्यामुळे ‘तोवर जुनं चालू ठेवू’ असं म्हणायची सोय राहिली नव्हती. पाच आठवडे असेच गेले. मग घरानं निर्णय फिरवला : आजींसाठी छाटलेलं डीटीएच पुन्हा सुरू. त्यासाठी गच्चीवर दुसरी छतरी आली, जुना एलएनबी तिच्यावर चढला. आजींचा बॉक्स उपजोडणीचा होता, मुख्य बंद झाल्यावर तोही बंद. कॉल सेंटरला सांगून तो मुख्य करून घ्यावा लागला.

उत्तरायणाचा फटका वेगळा. गच्ची तिन्ही मजल्यांची सामाईक. १४ जानेवारीला कुणाचा तरी मांजा एलएनबीच्या दांडीत अडकला, ओढला गेला आणि फ्री डिश गेली. छतरी दोन-तीन अंश फिरली होती. ते कळायला सोळा तारीख उजाडली, कारण दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण संपेपर्यंत फिटर मिळणं अशक्य. छतरी पुन्हा बसवल्यावर खांब, पट्टी आणि कोनाच्या नटावर तैलरंगाची एक सलग रेघ मारली. रेघ तुटलेली दिसली की किती सरकली ते कळतं आणि घरातलं कुणीही पाच मिनिटांत ती जुळवू शकतं.

निकाल

बैठकीत फ्री डिश आणि अ‍ॅप, आजींकडे २४३ रुपयांचं डीटीएच. टीव्हीच्या सिग्नलचा वर्षाचा खर्च ७,३४४ वरून सुमारे २,९१७ वर आला. बचत ४,४२७. ब्रॉडबँड आणि अ‍ॅपचा खर्च होता तेवढाच राहिला.

एकदाचा खर्च असा : दोन बॉक्स २,५००, दोन तोंडांचा एलएनबी ३८०, केबल ७२०, कनेक्टर-टेप १३०, फिटर ६००, स्टिक २,३००, यूपीएस १,३५०, नंतरची छतरी स्टँड आणि मजुरीसह १,१००. एकूण ९,०८०. म्हणजे पैसे वसूल व्हायला दोन वर्षांहून थोडं जास्त.

क्रिकेट डीडी स्पोर्ट्सवर बघितलं जातं आणि नातवाच्या मते हीच खरी कमाई : अ‍ॅपवरचा सामना अर्धाएक मिनिट मागे असतो आणि शेजारच्या घरातली आरोळी विकेटच्या आधी पोचते. मुसळधार पावसात मात्र केयू बँडचा, म्हणजे या डीटीएच सेवांच्या लहरींचा, सिग्नल तुटतो. तेव्हा बैठकीत वेव्ह्ज लावता येतं, आजींना थांबावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी, काहीही विकत न घेता, पॅक छाटायला हवं होतं. बिलातली घट मुळात छाटणीतून आली, छतरीतून नाही. फ्री डिशनं दिलं ते क्रिकेट आणि बैठकीतली जोडणी बंद करायची मुभा. आजींचे चार चॅनेल फ्रिजवरच्या कागदावर पहिल्या आठवड्यातच होते. त्यांची खोली या बदलातून पूर्ण वगळली असती तर एक बॉक्स, स्टिक आणि निम्मी केबल वाचली असती.

जुनी छतरी न वळवता एलएनबीसह नवी, साधारण ७०० रुपयांची, शेजारी उभी करायला हवी होती. मग महिनाभर दोन्ही सेवा बरोबरीनं चालवून पाहता आल्या असत्या आणि कोण कुठे अडतं ते रिचार्ज संपण्याआधी दिसलं असतं. एक बॉक्स १,२५०, छतरी ७००, पंचवीस मीटर केबल ४००, कनेक्टर ७०, फिटर ५०० : एवढ्यात, म्हणजे २,९२० रुपयांत, आजची हीच व्यवस्था उभी राहिली असती आणि आठ महिन्यांत फिटली असती. यूपीएस यात धरलेला नाही. तो घरून काम करणाऱ्यांना तसाही लागतो.

नवा टीव्ही घ्यायचा असेल तर सॅटेलाइट ट्यूनर आतच असलेला पाहावा. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १८११२ हे २०२२ चं मानक आहे. अशा टीव्हीला वेगळा बॉक्स आणि दुसरा रिमोट लागत नाही.

फ्री डिशची चॅनेल-यादी लिलावांनंतर बदलते, मोठा बदल बहुधा १ एप्रिलला. त्या दिवशी ‘चॅनेल गेला’ म्हणून फिटरला बोलावण्याआधी बॉक्सच्या मेनूतून ऑटो स्कॅन करायचा. या घरात ते काम नातवाकडे दिलं आहे आणि पायऱ्या बॉक्सच्या झाकणावर मराठीत लिहून चिकटवल्या आहेत. दुसरा बॉक्स माळ्यावर आहे, स्टिक विकायला काढली आहे.